गोबरगॅसच्या ज्वलनाचे संगणकीय प्रतिरूपण : ज्योत न पेटण्याची कारणमीमांसा

परभणीसारख्या कृषिप्रधान जिल्ह्यात गोबरगॅस हे परिचित इंधन होय. त्यात साधारणतः ५५ ते ६५ टक्के मिथेन असून उर्वरित भाग मुख्यत्वे कार्बन डायऑक्साइडचा असतो. शेगडीचा बर्नर घडविण्यापूर्वी त्याची ज्योत संगणकावर तपासता येते. परंतु पुष्कळदा गणन निर्विघ्न पूर्ण होते आणि तापमान मात्र सर्वत्र ३०० केल्व्हिनच राहते. अशा वेळी चांगला आराखडाही निरुपयोगी ठरविला जाण्याचा धोका असतो.

यात संगणक चुकलेला नसतो. ज्वलनाच्या समीकरणांना जळती व विझलेली अशा दोन्ही अवस्था मान्य असतात. थंड अवस्थेतून निघालेले गणन थंडच उत्तरावर स्थिरावते. वेस्टब्रुक व ड्रायर यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या मिथेनच्या एकपदी अभिक्रियेत सक्रियण ऊर्जा ४८.४ किलोकॅलरी प्रति मोल आहे. त्यानुसार अभिक्रियेच्या वेगातील तापमानाचा घटक ३०० केल्व्हिनपेक्षा २००० केल्व्हिनला सुमारे १० च्या ३० व्या घाताइतक्या पटीने मोठा होतो. परभणीचा मे महिनाही येथे उपयोगी नाही. काडी ओढावीच लागते.

ही काडी म्हणजे आरंभी बर्नरच्या मुखाजवळील काही भागास दिलेले २००० केल्व्हिन तापमान. तो भाग शुद्ध वायूत निवडणे ही नेहमीची चूक होय. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असेल तेथेच ज्योत धरते. शिवाय तो भाग दोन मिलिमीटरहून पुरेसा मोठा असावा, अन्यथा उष्णता पसरून विझतो. काही मिश्रणाधारित प्रारूपांत अभिक्रियेचा वेग ज्वलनोत्पादांच्या प्रमाणावरही अवलंबून असतो. तेथे उत्पादांचे आरंभीचे प्रमाण शून्य ठेवल्यास वेगही शून्यच राहतो, यास्तव ०.०१ इतका अल्प वस्तुमानांश द्यावा लागतो.

तथापि सर्वांत आधी एकके पाहावीत. वरील ऊर्जा सुमारे २०.३ कोटी ज्यूल प्रति किलोमोल होते. हाच आकडा प्रति मोल म्हणून भरला गेल्यास कोणतीही काडी पुरणार नाही.

पेटून विझणारी ज्योत हा निराळा प्रश्न आहे. मिथेन-हवा मिश्रणात ज्योतीचा स्तरीय वेग सेकंदास सुमारे ४० सेंटीमीटर असतो; कार्बन डायऑक्साइडमुळे गोबरगॅसचा त्याहून कमी. म्हणून प्रवाह मंद ठेवून ज्योत पेटवावी व तो हळूहळू अपेक्षित वेगापर्यंत न्यावा. एकके, जाळी व कालांतर तपासूनही ज्योत त्या वेगास विझत असेल, तर प्रत्यक्ष बर्नरवरही ती विझण्याची शक्यता आहे आणि बदल बर्नरच्या छिद्रांत करावा लागेल.