तारले गेले कुठे?

बोटमालक, तांडेल, खलाशी आणि मासळी विकणाऱ्या बहिणींनो,

तारले एका वर्षी ढिगाने, दुसऱ्या वर्षी नावालाही नाहीत. हे फक्त आपल्या गोव्यातच नाही. केरळात २०१२ साली सुमारे ३.९ लाख टन तारले मिळाले, २०२१ साली फक्त ३,२९७ टन!

शास्त्रज्ञ दोन कारणे सांगतात: बदलते हवामान आणि पिल्लांची मारणी. कोळसा-तेलाच्या धुरामुळे अडकलेली ९० टक्क्यांहून जास्त उष्णता समुद्र पोटात घेतो. वरचे पाणी तापून हलके झाले, की खालचे थंड, कसदार पाणी सहज वर येत नाही. मग तारल्यांचे खाणे घटते.

धूर कमी करणे सगळ्या जगाचे काम. पण पिल्ले वाचवणे आपल्या हातात आहे. केरळने कायद्याने तारल्याला १० आणि बांगड्याला १४ सेंटीमीटर किमान लांबी ठरवली आहे.

डिझेलचा खर्च निघावा म्हणून पिल्ले भरतो, हे आम्हीही जाणतो. पण ती फिशमीलला कवडीमोलाने जातात. तीच वाढली तर अंडी घालतील, भावही देतील.

१ ऑगस्टला बंदी उठली, की जाळे आवळण्याआधी मासळीचा आकार बघूया. बारीक दिसली तर सोडूया. तुमचे काय म्हणणे?