पहिले पाच आणि बाकीचे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची सकाळ. हातात चहाचा कप, मांडीवर पेपर. अशा माझ्या निर्धास्त वेळी चिरंजीव समोर येऊन बसले आणि म्हणाले, "बाबा, एक पत्र लिहून द्या. तुमची भाषा जरा धारदार आहे." कादंबरीकाराचा घरात उपयोग होतो तो एवढाच. सोसायटीचे अर्ज आणि तक्रारींचे मसुदे!

पत्र लिहायचं होतं नातीच्या शाळेतल्या बास्केटबॉलच्या सरांना. नात तेरा वर्षांची. दोन वर्षांत तिने एकही सराव चुकवलेला नाही. कुर्ल्यात गुडघाभर पाणी साचलेलं असताना ही पोरगी नेहरूनगरातून सकाळी सहाला चेंडू काखेत मारून निघते. जूनमध्ये दुसऱ्या शाळेतून एक उंच मुलगी आली आणि तीन आठवड्यांत पहिल्या पाचात जाऊन बसली. आमची नात बाकावर. "हिने जागा कमावली होती, तिला ती आयती दिली," हा चिरंजीवांचा मुद्दा. मीही तावातावाने पेन उघडलं. 'महोदय' लिहिलं, आणि हात थांबला.

थांबला तो वडिलांच्या आठवणीने. गिरण्यांच्या काळात ज्यांचं बालपण कुर्ल्यात गेलं, त्यांना 'बदली' या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. माझे वडील कित्येक वर्षं बदली कामगार होते. पाळी सुरू होण्याआधी फाटकाशी उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कुणी आला नाही, तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम. सगळे आले, तर डबा घेऊन घरी परत. वडील भरला डबा घेऊन आले, की आई एक शब्द न बोलता तो उघडून आम्हाला वाढायची. त्यांचा एकच आधार होता, तो म्हणजे यादीतला नंबर. कारण त्याआधीच्या काळात आत कुणाला घ्यायचं हे जॉबर ठरवायचा, आणि जॉबरची मर्जी म्हणजे काय हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. १९३० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांच्या नोंदीची पद्धत आली, ती ही मनमानी मोडायला. म्हणजे 'आधी आला त्याला आधी' हा नियम आळशांनी काढलेला नाही, वशिल्याने पोळलेल्यांनी मागून घेतलेला आहे. चिरंजीवांच्या रागात आजोबांचा तो डबा होता, त्यांना माहीत नसला तरी.

पण माझ्या वाट्याला नेमकी दुसरी बाजू आली. मी बँकेत लागलो १९८२ साली, कारकून म्हणून. दिवसअखेर हिशेब जुळेना, की आमचे हेड कॅशियर मला शेजारी बसवून चूक शोधायला शिकवायचे. आकडे उलटे लिहिले गेले, तर फरकाला नऊने भाग जातो, ही युक्ती त्यांचीच. बँकेत बढतीच्या दोन वाटा होत्या, एक ज्येष्ठतेची आणि दुसरी गुणवत्तेची. मी परीक्षा दिली आणि दुसऱ्या वाटेने सात वर्षांत अधिकारी झालो. ते मागे राहिले. यादी सूचनाफलकावर लागली त्या दिवसापर्यंत मी त्यांचा 'अरे' होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठून उभे राहिले आणि 'साहेब' म्हणाले. तो 'साहेब' अजून माझ्या कानात टोचतो. मी जागा कमावली होती, यात मला शंका नाही. पण त्यांना ती का मिळाली नाही, हे कुणीही, कधीही त्यांना सांगितलं नाही. फलकावर फक्त नावं होती.

खेळाच्या मैदानावर तरी हिशेब सरळ असतो का? पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८९ बळी घेतले. भारताची टोपी त्यांना मिळाली नाही, कारण त्या जागेवर बिशनसिंग बेदी होते. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागी केली. पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसला होता अमोल मुजुमदार, आणि त्याची पाळी आलीच नाही. पुढे १९९४ साली रणजी पदार्पणातच त्याने हरयाणाविरुद्ध २६० धावा काढल्या. कारकिर्दीत अकरा हजारांवर धावा केल्या, आणि भारतासाठी एकही सामना खेळला नाही.

हाच मुजुमदार नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक होता. त्या स्पर्धेत ३०८ धावा काढून सलामीची जागा कमावली होती प्रतिका रावलने. तिला दुखापत झाली, आणि मूळ संघात नसलेली शफाली वर्मा ऐनवेळी बदली म्हणून आली. उपांत्य सामन्यात ती दहा धावांत बाद झाली, तरी अंतिम सामन्यात पुन्हा खेळवली गेली. तिथे तिने ८७ धावा केल्या आणि हरमनप्रीत कौरने चेंडू हाती दिल्यावर दोन बळीही घेतले. विजयाच्या जल्लोषात प्रतिका चाकांच्या खुर्चीत होती. आता सांगा, कमावलेली जागा कुणाची आणि दिलेली कुणाची? शफालीला संधी दिली गेली. तिचं सोनं मात्र तिने स्वतः केलं.

मला वाटतं, आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. जागा कमवावी लागते, पण ती कमावण्याची संधी कुणीतरी द्यावीच लागते. मुलांच्या बाबतीत तर नक्कीच. सरावात सामना शिकता येत नाही, जसं शाखेत बसल्याशिवाय बँक शिकता येत नाही. क्रिकेटमध्ये अकराजण उतरले, की बारावा पाणी देतो. बास्केटबॉल त्या मानाने उदार. बारा खेळाडूंचा संघ, दहा-दहा मिनिटांचे चार भाग, आणि हवे तितके बदल. अमेरिकेतल्या एनबीएमध्ये बाकावरून येणाऱ्या उत्तम खेळाडूला वेगळा पुरस्कार आहे. अर्जेंटिनाच्या मानू जिनोबिलीला तो २००८ साली मिळाला. पहिल्या पाचात नसलेला हा माणूस पुढे खेळातल्या सर्वोच्च मानकऱ्यांत गणला गेला. अशा खेळात तेरा वर्षांची मुलगी चाळीसच्या चाळीस मिनिटं बाकावर बसत असेल, तर चूक सरांची. पण पहिल्या पाचात नाही म्हणून अन्याय झाला, असं होत नाही. दोन वर्षांच्या हजेरीने तिने हक्क कमावला आहे तो उत्तर मिळण्याचा, जागेचा नव्हे.

मी पेनाचं टोपण लावलं. नातीला म्हटलं, "पत्र मी लिहिणार नाही. तू सरांना विचार, मी कुठे कमी पडते?" ती रडली. मग म्हणाली, "आबा, ते रागावले तर?" मी म्हटलं, "तर मग मी पत्र लिहीन."

सर रागावले नाहीत. म्हणाले, "तू फक्त उजवीकडूनच जातेस. समोरच्याला ते दुसऱ्या मिनिटाला कळतं. डावा हात तयार कर." दोन वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं.

आता रोज संध्याकाळी आमच्या इमारतीखाली डाव्या हाताने चेंडू आपटण्याचा आवाज येतो. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांनी सोसायटीकडे तक्रार केली आहे, आणि तिचं उत्तर अर्थातच मला लिहायचं आहे. नात अजून पहिल्या पाचात नाही. परवाच्या सामन्यात तिसऱ्या भागात सहा मिनिटं खेळली. त्या उंच मुलीने तिला एक पास दिला आणि ही डावीकडून गेली. चेंडू कड्यावर आपटून बाहेर आला.

घरी येऊन जेवताना म्हणाली, "आबा, पण डावीकडून गेले ना!" बदलीवाल्याच्या पणतीला मी आणखी एक पोळी वाढली.