बायपासनंतरचा ताप अंगावर काढू नका



"ह्यांचं बायपास झालंय, आता नळ्या नव्या बसवल्यात. साध्या तापाला काय भ्यायचं?" गटाच्या बैठकीत हे वाक्य मी बऱ्याचदा ऐकते. म्हणून या अंकात त्याबद्दलच बोलू.

आपल्याकडची बरीच माणसं हृदयाच्या ऑपरेशनला मुंबईत परळच्या केईएम हॉस्पिटलात जातात. १९२६ साली सुरू झालेलं हे महापालिकेचं हॉस्पिटल. भारतातलं पहिलं हृदयारोपण डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ मध्ये इथेच केलं. ऑपरेशननंतर काही दिवस लालबाग-परळच्या नातेवाइकांकडे राहून पेशंट गावी येतो. तिथून पुढची राखण आपल्या हातात असते.

आधी बायपास म्हणजे काय ते बघू. हृदयाला रक्त पुरवणारी धमनी चरबीने तुंबते. डॉक्टर तो ब्लॉकेज काढत नाहीत, तर पायातली शीर किंवा छातीतली धमनी जोडून बाजूने नवी वाट करतात. गावात पाइपलाइन तुंबली की आपण बाजूने दुसरा पाइप टाकतो, तसंच. पण पायातली शीर मुळात कमी दाबाची असते. धमनीचा जोर सोसून ती आतून जाड होत जाते. दहा वर्षांत अशा जवळपास निम्म्या शिरा अरुंद किंवा बंद होतात. छातीतली धमनी जास्त टिकते.

आता ताप कुठे आडवा येतो? रक्तवाहिनीला आतून सारवलेल्या जमिनीसारखं गुळगुळीत अस्तर असतं. त्यामुळे रक्त चिकटत नाही. फ्लू किंवा कोरोनासारखा विषाणू शिरला की शरीर त्याच्याशी लढतं, आणि त्या लढाईत या अस्तरालाही सूज येते. मग तिथे रक्ताची गुठळी व्हायला वाव मिळतो. त्यात तापामुळे हृदय जोरात धावतं. कॅनडातला एक अभ्यास २०१८ साली छापून आला. फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचा धोका एरवीपेक्षा सुमारे सहापट दिसला. म्हणजे प्रत्येकाला अटॅक येतो असं नाही. पण ज्याचं हृदय आधीच दुखावलेलं आहे, त्याने तो आठवडा जपून काढायचा.

काय करायचं?

१. रक्त पातळ करायची आणि कोलेस्टेरॉलची गोळी तापात आपल्या मनाने बंद करू नका.

२. मेडिकलमधून अंगदुखीची जोरदार गोळी आणू नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक हृदयाच्या पेशंटला घातक ठरू शकतात. तापाला पॅरासिटामॉल किती घ्यायची, ते डॉक्टरांना विचारा.

३. पावसाळ्यात ताप आला तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. डेंग्यू असेल तर रक्तस्राव होऊ शकतो, आणि तेव्हा रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं काय करायचं हे डॉक्टरच ठरवतील. ऑपरेशनची फाइल सोबत न्या.

४. फ्लूची लस दरवर्षी घ्यायची असते. तपासणीला जाल तेव्हा विचारा. पैशांची अडचण असेल तर गटातून अंतर्गत कर्ज काढता येतं.

५. गणपतीला लालबागच्या गर्दीत जायचा हट्ट नव्या पेशंटने त्या वर्षी सोडावा. घरात कुणाला सर्दी-खोकला असेल तर त्याने मास्क लावावा.

छातीत दाब, दम लागणं, दरदरून घाम, जबडा किंवा डावा हात दुखणं यातलं काही झालं तर १०८ ला फोन करा. सकाळची वाट बघू नका.

आणि एक. ऑपरेशन घरातल्या बाईचं असेल तर ती तापातही चुलीपुढे उभी राहते. बायकांना कधी छातीत न दुखता नुसती मळमळ, पाठदुखी, थकवा जाणवतो, आणि "पित्त असेल" म्हणून ते अंगावर काढलं जातं. तुमच्या गटात अशी कुणी ताई असेल तर तिच्या घरी एक फेरी मारा. तापाचे आठ दिवस तिच्या वाट्याचं पाणी आणि भाकरी गटाने आळीपाळीने बघितली, तर तिला खरी विश्रांती मिळेल.

पुढच्या मासिक बैठकीत हा लेख मोठ्याने वाचा. आपल्या गावात कुणाकुणाचं बायपास झालंय त्याची यादी करा आणि त्यांच्या घरी निरोप पोचवा.