तिकोनी इंजिनाला टर्बो

वसमत तालुक्यातल्या हट्ट्याच्या शिवारात सोयाबीनला हार्वेस्टर लागला, की इंजिनाच्या घरघरीवर एक बारीक शिट्टी चढते. ती टर्बोची. धुराड्यातून वाया जाणारा वायू एक छोटं चाक फिरवतो आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येतं. डिझेल आणि टर्बोचा संसार सुखाचा आहे. वँकेल इंजिनाशी मात्र टर्बोचं जमतं ते भांडत भांडत, आणि घरी बांधलेल्या विमानात हे भांडण जमिनीपासून दोन-तीन किलोमीटर वर होतं.

वँकेलमध्ये ना पिस्टन, ना वाल्व. फुगीर कडांच्या समोशासारखा रोटर कमरेशी आवळलेल्या पोकळीत फिरतो. त्याची एक फेरी होईतो मधल्या दांड्याच्या तीन होतात. रोटरच्या टोकांवरच्या तीन पट्ट्या, म्हणजे अपेक्स सील, भिंतीला सतत घासत राहतात. सगळा भरवसा त्यांच्यावर. माझदाचं दोन रोटरचं, १३०८ सीसीचं १३बी हे हौशी विमानबांधकांचं लाडकं. ते मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर रंगात येतं, पण विमानाच्या पंख्याला अडीच हजारांच्या आसपासच परवडतात, म्हणून मध्ये गिअरबॉक्स आलाच.

महाराष्ट्राचाही या इंजिनाला हात लागलेला आहे. २००९ मध्ये कर्नाटकातल्या कोलारहून ‘निशांत’ हे मानवरहित विमान देशी वँकेलवर उडालं. ताकद ५५ अश्वशक्ती, वजन जेमतेम ३० किलो. गाभा एनएएल या बंगळुरूच्या वैमानिकी प्रयोगशाळेचा. इग्निशन आणि इंधनाची यंत्रणा व्हीआरडीईची, म्हणजे नगरच्या (आता अहिल्यानगरच्या) लष्करी वाहनांच्या प्रयोगशाळेची. आतल्या भिंतीला निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा लेप होता.

घरी विमान बांधणारे आपल्याकडे विरळाच. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. नोंदणी २०१७ मध्ये, उडवायची परवानगी २०१९ मध्ये, चाचण्या २०२० मध्ये धुळ्याला. त्यांचं इंजिन पिस्टनचंच. वँकेल आणि वर टर्बो, एवढं धाडस कागदपत्रांच्या त्या वाटेने न्यायचं म्हणजे कठीणच.

आता भांडणाचं कारण. वाल्व नसल्याने वँकेलचं एक्झॉस्टचं तोंड झटकन उघडतं आणि अर्धवट जळता वायू तसाच बाहेर पडतो, ९०० अंश सेल्सिअसच्याही वर. टर्बाइनला ही मेजवानी, पण तिच्या धातूला आणि मॅनिफोल्डच्या वेल्डिंगला शिक्षा. मोटारीत पूर्ण ताकद काही सेकंद लागते. विमान मात्र तासन् तास पाऊणएक ताकदीवर चालतं. त्यामुळे मोटारीतला टर्बो जसाच्या तसा बसवला तर लवकर दमतो. हाव धरून दाब वाढवला की इंजिन ठोकतं (म्हणजे आतलं मिश्रण अवेळी भडकतं), अपेक्स सील तुटतो आणि त्याचा तुकडा थेट टर्बाइनच्या पात्यांवर आदळतो. एक मात्र वँकेलच्या बाजूने सांगायला हवं: सील गेला तरी ते पुष्कळदा जाम होत नाही; लंगडत का होईना, धावपट्टीपर्यंत नेतं.

म्हणून जाणते लोक टर्बो जमिनीवरच्या जोरासाठी लावत नाहीत. दहा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास उतरतो आणि साध्या इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच घसरते. टर्बोने फक्त ही तूट भरून काढायची, जास्तीचा एक्झॉस्ट वायू वेस्टगेटमधून, टर्बाइनला वळसा घालून, सोडून द्यायचा. माझ्या मते खरी कारागिरी इथेच आहे, अश्वशक्तीच्या आकड्यात नाही.

बाकी जीव अडकतो तेलात. वँकेलची बरीच उष्णता तेल वाहून नेतं, त्यामुळे ऑइल कूलर दणकट लागतो. त्यातच टर्बोच्या बेअरिंगलाही इंजिनाचंच तेल जातं. ती नळी फुटली तर इंजिन कोरडं पडतं आणि लालबुंद टर्बोवर तेल पडून आग लागते. म्हणून नळीला आगरोधक वेष्टण, मॅनिफोल्डला स्वतंत्र आधार, आणि सुरुवातीची उड्डाणं धावपट्टीच्या डोक्यावरच, इंजिन बंद पडलं तरी तरंगत खाली येता येईल एवढ्या टप्प्यात.