दूरच्या संगणकाचा विलंब

परभणी जिल्ह्यातील बोरी येथून पुण्यातील सर्व्हरवर प्रोग्राम सुरू करावा आणि तो रेंगाळावा, की दोष अंतरास दिला जातो. वस्तुतः हवाई अंतर सुमारे ३०० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाशास जाऊन परतावयास तीन मिलिसेकंद पुरतात. मात्र अशा हजार फेऱ्या एकामागून एक झाल्या, तर तीन सेकंद जातात.

दुसऱ्या खेपेस प्रोग्राम चटकन उघडला, तर पहिला विलंब बहुधा डिस्कवरून फायली वाचण्याचा समजावा. प्रत्येक खेपेस पाचच सेकंद जात असतील, तर नावावरून पत्ता सांगणारा नेमसर्व्हर निरुत्तर असण्याचा संभव; लिनक्स सामान्यतः तितकाच वेळ त्याची वाट पाहते. 'एस-ट्रेस' हे साधन खोळंब्याचे नेमके स्थान दाखविते. ते कळण्यापूर्वी महागडा सर्व्हर घेणे म्हणजे द्रव्य व्यर्थ दवडणे होय.