हाफस्टेइनची तार आणि 'मागासलेले' शेतकरी

लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना आपण सगळे एक चूक करतो. जे तंत्र शेवटी टिकलं, त्याच्या बाजूने बोलणारे शहाणे आणि विरोध करणारे अडाणी, असं गृहीत धरतो. मी स्वतः हे केलंय आणि गाईडची बोलणीही खाल्ली आहेत. म्हणून आज जरा लांबचं उदाहरण घेऊ, आइसलँडचं.

हान्नेस हाफस्टेइन (१८६१–१९२२) हे कवी. कोपनहेगनला कायदा शिकले, पुढे ईसाफ्योर्दुरला जिल्हाधिकारी झाले. १८९९ मध्ये बेकायदा मासेमारी करणाऱ्या एका ब्रिटिश ट्रॉलरवर कारवाई करायला ते छोट्या होडीतून गेले. होडी बुडाली, सोबतचे तिघे गेले, हाफस्टेइन वाचले. आइसलँड तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होता. १ फेब्रुवारी १९०४ ला स्वराज्याची व्यवस्था सुरू झाली आणि रेक्याविकमध्ये राहून आल्थिंगला, म्हणजे तिथल्या संसदेला, उत्तर देणारे पहिले मंत्री हेच झाले. लोकसंख्या होती जेमतेम ऐंशी हजार.

त्याच वर्षी त्यांनी एका डॅनिश तार कंपनीशी करार केला. शेटलंड बेटांवरून फेरो बेटांमार्गे समुद्राखालची केबल पूर्व किनाऱ्यावर सेइदिसफ्योर्दुरला आणायची आणि तिथून खांबांवरून तार रेक्याविकपर्यंत न्यायची. ऑगस्ट १९०५ मध्ये ऐन गवत कापणीच्या दिवसांत शेतकरी राजधानीत जमले आणि त्यांनी या कराराला विरोध केला.

थोडक्यात सांगितलेल्या इतिहासात गोष्ट इथेच संपते: दूरदृष्टीचा मंत्री आणि प्रगतीला घाबरलेले शेतकरी.

पण त्यांचं म्हणणं नीट बघा. एक, खर्च फार. दोन, मंत्र्याने आपल्या अधिकाराबाहेर जाऊन देशाला बांधून घेतलं. आणि तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: केबलच कशाला, बिनतारी का नको? हे हवेत बोललेलं नव्हतं. जून १९०५ मध्येच मार्कोनीच्या कंपनीने रेक्याविकला खांब उभारून इंग्लंडहून बिनतारी संदेश घेऊन दाखवला होता. म्हणजे 'मागासलेले' लोक त्या काळातलं नवं तंत्र मागत होते आणि 'पुरोगामी' मंत्री जुनं!

तरी हाफस्टेइनही चुकले, असं मी म्हणणार नाही. रेक्याविकचं ते केंद्र संदेश फक्त घेऊ शकत होतं, पाठवू शकत नव्हतं. दिवसा सूर्यप्रकाशात लांबचे संदेश क्षीण होतात, हे मार्कोनीला १९०२ मध्येच दिसलं होतं. कारण मात्र तेव्हा नीट कळलेलं नव्हतं. समुद्राखालच्या तारेमागे कित्येक दशकांचा अनुभव होता. १९०६ मध्ये ती सुरू झाली आणि चालली. १९०५ साली हातात असलेल्या माहितीवर दोन्ही बाजू तर्काला धरून होत्या.

पुढे १९०८ ची निवडणूक हाफस्टेइन हरले, पण तारेमुळे नाही. डेन्मार्कशी संबंध कसे असावेत, या मसुद्यावरून. १९०९ मध्ये मंत्रिपद गेलं आणि त्यांच्या जागी आले ब्योर्न योन्सन, तारेच्या कराराला विरोध करणारे संपादक. १९१२ ला हाफस्टेइन पुन्हा मंत्री झाले, दोन वर्षं.

त्या काळातली आइसलँडिक वर्तमानपत्रं तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑनलाइन मोफत ठेवली आहेत. भाषांतराचं साधन वापरून १९०५ च्या उन्हाळ्यातले अंक चाळा. सरकारच्या बाजूचा एक आणि विरोधातला एक, दोन्ही घ्या.