घरचा कॉम्प्युटर आणि ड्रायव्हर : तीच एरर पुन्हा पुन्हा का येते?

आजचा विषय किरकोळ वाटेल, पण गिरगावातल्या चाळीपासून लालबागच्या टॉवरपर्यंत पुष्कळ घरांत तो डोकं खातो. कॉम्प्युटर चालू केला की पडद्यावर चौकट येते, ड्रायव्हरमध्ये बिघाड आहे म्हणून सांगते. आपण ‘ओके’ दाबतो. दोन दिवसांनी तीच चौकट परत. मग कुणीतरी सुचवतं, ‘फॉरमॅट मारून टाका.’ त्यात मुलांचे फोटो, सोसायटीचे हिशेब, मंडळाच्या वर्गणीची यादी, सगळं जातं. आणि आठवड्याभरात एरर पुन्हा हजर! म्हणून आम्ही आज एकच गोष्ट सांगणार आहोत. एरर परत येते, याचा अर्थ तिला परत आणणारं कारण अजून जागेवर आहे. आधी ते शोधायचं, उपाय नंतर.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषी. विंडोजची भाषा एक. प्रिंटर, वाय-फाय, साउंड यांची प्रत्येकाची वेगळी. मधे बसून इकडचं तिकडे सांगणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. यांतले बरेच ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात काम करतात. म्हणूनच एक दुभाषी चुकला तर सगळा पडदा निळा होऊ शकतो. १९ जुलै २०२४ चा दिवस आठवा. क्राउडस्ट्राइक कंपनीचा सुरक्षा-प्रोग्रॅम असाच गाभ्यात बसलेला होता. त्याच्याकडे एक सदोष फाइल आली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जगभरात सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले. आपल्याकडे काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. मशीन धडधाकट होती, बिघडला तो मधला माणूस.

आता घरी काय करायचं? पहिलं काम म्हणजे एररचा नंबर वाचणं. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा, ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ज्याच्यापुढे पिवळा त्रिकोण दिसेल त्यावर डबल क्लिक केलं की एक कोड दिसतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. कोड १० म्हणजे उपकरण सुरू होत नाही. कोड ४३ म्हणजे उपकरणानेच अडचण कळवली म्हणून विंडोजने ते थांबवलं. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरवरची डिजिटल सही पटत नाही. नुसतं ‘ड्रायव्हरची एरर येते’ म्हणणं हे डॉक्टरकडे जाऊन ‘बरं वाटत नाही’ म्हणण्यासारखं आहे. नंबर सांगितला की अर्धं निदान झालं.

दुसरं काम, तारीख काढणं. त्याच चौकटीत ‘इव्हेंट्स’ नावाचा भाग असतो, तिथे कोणत्या दिवशी काय बसलं ते दिसतं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अपडेटचा इतिहासही असतो. दोन्ही तारखा शेजारी ठेवून बघा.

आता परत येण्याची नेहमीची चार कारणं.

एक, ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद नव्हे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. ते चालू असेल तर बंद करताना विंडोज ड्रायव्हरची अवस्था डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तीच पुन्हा उचलतं. म्हणजे रात्री रुसलेला ड्रायव्हर सकाळी रुसलेलाच उठतो! यासाठी ‘रीस्टार्ट’ निवडा. त्यात सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

दोन, ड्रायव्हर काढला तरी त्याची प्रत विंडोजच्या कोठारात राहते. रीस्टार्ट झालं की विंडोज तीच प्रत पुन्हा बसवतं. ‘अनइन्स्टॉल’ करताना ड्रायव्हरही काढून टाकायचा का, असं विचारणारी चौकट दिसली तर तिथे खूण करा. पण त्याआधी उत्पादक कंपनीच्या साइटवरून योग्य ड्रायव्हर उतरवून ठेवा. वाय-फायचा ड्रायव्हर आधी काढलात तर नवा उतरवायला नेट कुठून आणणार?

तीन, अपडेटमधून आलेला नवा ड्रायव्हर आपल्या मशीनला मानवत नाही. तारखा जुळल्या तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबून मागच्यावर जा आणि अपडेट काही आठवडे थांबवा. नाहीतर तो पुन्हा येऊन बसण्याची शक्यता असते.

चार, दोष ड्रायव्हरचा नसतोच. विशेषतः कोड ४३ आला की आधी केबल बदला, यूएसबीचं दुसरं भोक वापरा, तेच उपकरण शेजाऱ्यांच्या मशीनला लावून पाहा. आपल्याकडे समुद्राची खारट, दमट हवा. पावसाळ्यात जोडण्या गंजतात. गंजलेल्या पिनेवर कुठलाही ड्रायव्हर उपाय करू शकत नाही.

काही वेळा उत्तर कटू असतं, तेही सांगतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून पुष्कळ जण ११ वर गेले. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. ज्या जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर ३२-बिटच निघाला, तो त्यावर चालत नाही. मग तासन्‌तास खटपट करण्यात अर्थ नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. ही एरर गूगलवर शोधली की ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये दुरुस्त’ अशा जाहिराती येतात, आणि कस्टमर केअरच्या नावाने खोटे नंबरही. पलीकडचा माणूस गोड बोलतो, स्क्रीन शेअर करायला लावतो, मग दहा रुपये फी भरा म्हणतो आणि खातं रिकामं होतं. ड्रायव्हर घ्यायचा तो विंडोज अपडेटमधून किंवा उत्पादकाच्या साइटवरून, लॅपटॉपखालच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर बघून. फसवणूक झालीच तर लाजू नका. ताबडतोब १९३० ला फोन करा आणि बँकेला कळवा. इथे मिनिटांना किंमत असते.

एवढं करूनही जमलं नाही तर दुरुस्तीवाल्याकडे जरूर जा. लॅमिंग्टन रोड, म्हणजे आपला डॉ. भडकमकर मार्ग, जवळच आहे. जाताना कागदावर तीन गोष्टी लिहून न्या : कोड, पहिल्यांदा कधी आला ती तारीख, आणि त्या सुमारास मशीनमध्ये काय बदललं. डेटाची प्रत काढल्याशिवाय फॉरमॅटला होकार देऊ नका. समोरचा कागद न वाचताच ‘फॉरमॅट मारू’ म्हणाला, तर मशीन उचलून पुढच्या दुकानात जायला हरकत नाही.

आता आपले प्रश्न घेऊ. कोड नंबर लिहून आणलेल्यांना आधी संधी!